राहायची आणि जेवायची सोय

स्मरणिकेसाठी लेख लिहायचा आहे, विषय तुझा तू निवड, असं संपादक मंडळानं सांगितलं. शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून चांगलं लिहितात. म्हणून मी थोडी वेगळी वाट धरली. संमेलनाच्या निमित्तानं आपण सगळ्यांचे पत्ते गोळा केले, ती यादी एक्सेलमध्ये नीट लावायचं काम माझ्याकडे आलं (आयटीतल्या माणसाकडे अशी कामं आपोआप येतात). १९९६ साली दहावी झालेले आपण, आणि आपल्यातले निम्म्याहून अधिक जण आज पुण्यात आहेत. वारजे, धायरी, हडपसर, वाकड, पिंपळे सौदागर, मोशी. बार्शीच्या एखाद्या गल्लीत आता सापडणार नाहीत एवढे वर्गमित्र सिंहगड रस्त्यावर सापडतील. ज्या शहरानं आपली अर्धी शाळा उचलून नेली, त्या शहराचा इतिहास आपल्या स्मरणिकेत असावा, असं मला वाटलं.

पुण्याचा इतिहास शनिवारवाड्यापासून सांगायची रीत आहे. मी तो एका घरगुती प्रश्नापासून सांगणार आहे. बारावीचा निकाल लागला की कॉलेज कोणतं, शाखा कोणती हे सगळं नंतर, आपल्या प्रत्येकाच्या घरी पहिला प्रश्न एकच असायचा, "पोराची राहायची-जेवायची सोय काय?" मुलगी असेल तर तोच प्रश्न जरा खालच्या आवाजात आणि दोनदा. गेल्या दोनशे वर्षांत पुण्यानं या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली. हे शहर कसं वाढलं, कोणाच्या पैशावर वाढलं आणि कोणाला दाराबाहेर ठेवून वाढलं, हे त्या उत्तरांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही.

विद्येसाठी पुण्यात यायचं, ही चाल पेशवाईतली. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि त्यासाठी दूरदूरचे शास्त्री पुण्यात येत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण दक्षिणेचा निधी इंग्रजांनी एकदम बंद केला नाही. त्याच निधीतून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिचंच रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. म्हणजे पुण्यातल्या पहिल्या सरकारी उच्च शिक्षणाची मुळं दानाच्या पैशात होती, आणि तो पैसा एकाच जातीसाठी ठेवलेला होता. त्या जुन्या व्यवस्थेला पहिला धक्का बुधवार पेठेत बसला. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली.

माझ्या क्षेत्राची सुरुवात १८५४ सालची. त्या वर्षी पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. हेतू अगदी व्यवहारी होता. इमारती, धरणं, कालवे, पूल आणि रेल्वे बांधायला सरकारला हाताखालची प्रशिक्षित माणसं हवी होती. तोच वर्ग वाढून शिवाजीनगरचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. विश्वेश्वरय्या इथेच शिकले आणि १९०३ साली खडकवासला धरणाला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. शिक्षणाचं गाव आणि पाण्याचं गाव, ही पुण्याची दोन्ही भाग्यं अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. आपल्या भागाचा संबंधही रेल्वेनंच जोडला. आपली कुर्डुवाडी तेव्हा 'बार्शी रोड' या नावानं ओळखली जायची. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली आणि बार्शीच्या मुलासाठी पुण्याची वाट मोकळी झाली. मी १९९८ साली गेले तेव्हाही तीच नॅरोगेज गाडी होती, वेगही बहुधा तोच.

पुणं खऱ्या अर्थानं विद्यार्थ्यांचं गाव झालं ते १८८० नंतर. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. मुलींसाठी हुजूरपागा १८८४ चीच. या संस्थांचं भांडवल म्हणजे शिक्षकांचा त्याग. सरकारी नोकरी सहज मिळाली असती अशी माणसं तुटपुंज्या पगारावर वीस-वीस वर्षं शिकवत राहिली. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच. रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुण्यातलं शिक्षण स्वस्त होतं, कारण त्याची किंमत शिक्षकांनी भरली होती.

फी परवडली, पण पोट? कोकणातून, सातारा-सोलापूरकडून, खानदेशातून आलेली गरीब मुलं वाड्यातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत राहायची आणि वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार भरले की मुलाचं शिक्षण मार्गी लागलं. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. त्या काळच्या कितीतरी मोठ्या माणसांच्या चरित्रात वारांचा उल्लेख सापडतो, आणि बहुतेकांनी त्यात दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. एखाद्या घरच्या माउलीची माया, आणि दुसऱ्या घरी ताट वाढताना ऐकावं लागलेलं बोलणं. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानं अशा मुलांना एका छपराखाली आणलं. तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. याच संस्थेनं १९८५ साली अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं.

पण वार आणि माधुकरी ही सोय ब्राह्मण मुलांपुरतीच होती. दुसऱ्या जातीच्या मुलाला पेठेतल्या कोणत्या स्वयंपाकघरात पाट मिळणार होता? आपल्या वर्गातल्या बहुतेकांच्या पणजोबांना पुण्यात एक वेळचं जेवणही मिळालं नसतं, आणि ते शिकले नाहीत याचं हे एक साधं, पोटाचं कारण आहे. म्हणून बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास वाचला तर तिथे आधी शाळा येत नाही, बोर्डिंग येतं. १८७७ च्या दुष्काळात जोतीरावांनी आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि १९३२ साली, पुणे करार झाला त्याच वर्षी, पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. आपल्या बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं, तेही याच विचारानं. भाकरीची सोय झाल्याशिवाय पाटी हातात टिकत नाही, हे या माणसांना कोणी सांगावं लागलं नाही.

मुलींचं उत्तर महर्षी कर्व्यांनी दिलं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापकानं १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. गावात जागा मिळणं कठीण, म्हणून १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवून रोज पायी तिकडे जात. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. त्याच हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, त्यांच्या संस्थेनं १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. मी तिथे शिकले. आमच्या आवाराच्या एका बाजूला कर्व्यांची ती झोपडी जपून ठेवली आहे. पहिल्या वर्षी मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे लक्षात आलं, की मुलीला आधी सुरक्षित राहायची जागा आणि मग शिक्षण, हा क्रम त्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. माझ्या वडिलांनी मला पुण्याला पाठवलं तेही आवारातच होस्टेल आहे म्हणून.

स्वातंत्र्यानंतर सोय करणारे हात बदलले. तोवर पुण्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं. बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. जागा मिळाली ती गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याची. १८९७ साली याच बंगल्यातल्या समारंभाहून परतताना रँडवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या होत्या. पन्नास-बावन्न वर्षांत त्याच वास्तूत मराठी मुलं पदव्या घेऊ लागली. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. ज्यांच्यावर या गावानं शेण फेकलं त्यांचं नाव आता इथल्या प्रत्येक पदवीवर असतं.

विद्यापीठाच्या आगेमागे एकेक संस्था येत गेली. १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट. भांडारकर संस्था आणि गोखले अर्थशास्त्र संस्था आधीपासून होत्याच. दुसऱ्या बाजूला १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू झाला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि साठच्या दशकात टेल्को व बजाज पिंपरी-आकुर्डीच्या माळावर आले. कारखान्यांना डिप्लोमा झालेली, आयटीआय झालेली, हिशेब येणारी मुलं लागत होती आणि ती पुण्यात तयार होत होती. पुणं शिकण्यासाठी यायचं आणि परत जायचं गाव होतं. ते आता शिकून तिथेच राहायचं गाव झालं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले शेकडो वाडे वाहून गेले. विद्यार्थ्यांच्या खोल्या असत त्या याच वाड्यांत. पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या आणि पुणं नदीकाठ सोडून पसरू लागलं. वाड्यातली एकत्र कुटुंबं फ्लॅटमध्ये गेली. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात वार लावायला येणाऱ्या मुलासाठी जागा नव्हती, आणि काळही बदलला होता. १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती स्थापन झाली आणि खेड्यातल्या मुलांसाठी तिनं वसतिगृह चालवलं. तिथलं तत्त्व असं, की मुलानं स्वतःची कामं स्वतः करायची, जमेल तसं कमवायचं, उपकाराखाली राहायचं नाही. वार लावण्यातला बोचरा भाग काढून टाकला आणि आधार तेवढा ठेवला.

१९७१ सालची सिंबायोसिसची कथा तर थेट जेवणाच्याच गोष्टीतून सुरू होते. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि होस्टेलचे रेक्टर होते. त्यांना एकदा दिसलं, की एक मुलगी होस्टेलच्या खिडकीतून एका मुलाला काहीतरी देते आहे. चौकशी केली तर तो मॉरिशसचा मुलगा काविळीनं आजारी, मेसपर्यंत जायचं त्राण नाही, म्हणून ती त्याला जेवण आणून देत होती. परदेशातून आलेल्या मुलांचं इथे कोणी नाही, हे त्यांना त्या दिवशी जाणवलं आणि त्यातून संस्था उभी राहिली. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे.

मग आलं १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुण्याचं अर्थकारण कायमचं बदललं. नव्या कॉलेजांना मोठी आणि स्वस्त जमीन हवी होती, म्हणून ती गावाच्या कडेला गेली. कोथरूडच्या पुढे पौड रस्त्याला, कात्रज-धनकवडीला, आकुर्डीला. एकदा कॉलेज आलं की पुढचं ठरलेलं. फाटकासमोर चहाची टपरी येते, मग झेरॉक्स, मग मेस. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरावर दोन मजले चढतात आणि खाली पाटी लागते, 'कॉट बेसिसवर जागा मिळेल'. त्यानंतर बिल्डर येतो. दहा वर्षांत तो माळ राहत नाही, उपनगर होतं. जिथे जोतीरावांनी अन्नछत्र चालवलं त्या धनकवडीच्या परिसरात आज हजारो मुलं पैसे मोजून जेवतात. पुण्याचा विकास आराखडा कागदावर कोणीही काढलेला असो, कडेचं पुणं कॉलेजच्या फाटकांनी आखलं.

आपली पिढी या टप्प्यावर पुण्यात पोचली. आठवतं ना? तेव्हा बार्शी शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत होती, त्यामुळे पुण्याच्या कॉलेजात आपण 'बाहेरचे'. सत्तर टक्के जागा तिथल्या मुलांना आणि आपल्याला उरलेल्या तीस टक्क्यांत धक्काबुक्की. फ्री सीट की पेमेंट सीट, यावर घरातलं वर्षभराचं गणित ठरायचं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं ते २००४ साली, आपण नोकरीला लागल्यावर.

दुसऱ्या वर्षी होस्टेल सुटलं आणि मी कॉट बेसिसवर गेले. एका खोलीत चार कॉट, एक कपाट दोघींत, रात्री साडेनऊला दार बंद, गरम पाणी आठवड्यातून तीनदा, पाहुणे नाहीत. मालकीणबाईंनी हे सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून दाराच्या आत लावलं होतं. मेसचं शास्त्र वेगळं. महिन्याचे पैसे आगाऊ, सलग तीन दिवस गेलं नाही तरच खाडा धरणार, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद. त्या संध्याकाळी घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर निघायची आणि नाशिकची, नांदेडची, रत्नागिरीची मैत्रीण आपापला डबा काढायची. महाराष्ट्राचा भूगोल मी त्या चटयांवर बसून शिकले, याबद्दल आपल्या भूगोलाच्या बाईंनी रागावू नये.

आयटी पुण्यात का आली, असं मला नेहमी विचारतात. मुंबई जवळ, हवा बरी, जमीन तुलनेनं स्वस्त, हे सगळं खरं. पण मुळात कंपन्या आल्या त्या तयार मुलांच्या मागे. १९८१ साली टाटांचं संशोधन केंद्र पुण्यात सुरू झालं. त्याच वर्षी इन्फोसिसची नोंदणी पुण्यात झाली. बंगळुरूला ती नंतर गेली. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला. पर्सिस्टंट १९९० ची. नव्वदीच्या अखेरीस हिंजवडीत एमआयडीसीचं आयटी पार्क आकाराला आलं आणि २००२ साली मुंबईचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. कॉलेजांनी मुलं आणली, मुलांमुळे कंपन्या आल्या, कंपन्यांमुळे आणखी कॉलेजं निघाली. हे चक्र एकदा फिरायला लागल्यावर २००१ च्या जनगणनेत साधारण २५ लाख असलेलं पुणे महापालिकेचं क्षेत्र २०११ मध्ये ३१ लाखांवर गेलं. पिंपरी-चिंचवड त्याच दहा वर्षांत १० लाखांवरून १७ लाखांवर. आपल्यापैकी बरेच जण त्या फरकात मोजलेले आहेत.

हे चक्र अडखळतं तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं. २००१ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेतली कामं आटली. आमच्या बॅचला कॅम्पसमध्ये निवडलेल्या एका कंपनीनं रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे. निकाल लागलेला, हातात ऑफर लेटर, आणि पगार नाही. घरी परत जावं तर गावात सगळ्यांना पेढे वाटून झालेले. त्या सात-आठ महिन्यांत आमच्या मेसच्या काकूंनी माझ्याकडे एकदाही पैसे मागितले नाहीत. वहीत लिहीत गेल्या. "नोकरी लागल्यावर दे, पण जेवायला येत जा, चहा-बिस्किटावर राहू नको," एवढंच म्हणाल्या. त्या स्वतः फलटणकडच्या, नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर त्यांनी मेस सुरू केलेली. पहिल्या पगारात मी वही कोरी केली. पण व्यवहारात न बसणारी एक गोष्ट त्यांनी केली होती, आणि ती वहीतून वजा करता आली नाही. विकत मिळणाऱ्या जेवणाच्या काळातही पुण्यात वार शिल्लक होते. फक्त ते लावणारी घरं पेठेतली राहिली नव्हती, आपल्यासारखीच बाहेरून आलेली होती.

पुण्याची ओढ नुसत्या नोकरीची नव्हती, हेही लिहायला हवं. बार्शीत कोणाची कोण हे सगळ्यांना ठाऊक. पुण्यात तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर निघालेली मुलगी कोणाचीच कोणी नसते. त्या मोकळेपणाची किंमत मुलींनाच कळेल. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळायची आणि परीक्षा झाली की तिथेच परत विकता यायची. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना गळा बसेपर्यंत ओरडायचं. ही स्पर्धा १९६३ पासूनची. भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेच्या शाळेच्या मैदानावर रात्रभर चालायचा आणि भारतीय बैठकीचं तिकीट आमच्या खिशाला परवडायचं. गाण्यातलं काही कळत नसताना पहाटेच्या थंडीत शाल पांघरून आपण ऐकत बसलो, आणि कळत नसलं तरी कोणी उठवलं नाही. विद्यापीठाचं शहर म्हणजे काय, याची मला सुचलेली व्याख्या हीच. जे अजून आपल्याला कळत नाही त्याच्या जवळ बसायला स्वस्तात जागा मिळणं.

ती जागा आता स्वस्त राहिलेली नाही. २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली आणि पुणं क्षेत्रफळानं मुंबईपेक्षा मोठं झालं. वाघोलीपासून बावधनपर्यंत टँकर फिरतात. हिंजवडीला पोचायला लागणारा वेळ आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी लिहितंच. सदाशिव, नारायण, नवी पेठ आता स्पर्धा परीक्षांची गावं झाली आहेत. जिथे वार लावले जायचे त्याच गल्ल्यांत महिन्याच्या भाड्यानं अभ्यासिकेतली एक खुर्ची मिळते. खोलीचं वेगळं, खुर्चीचं वेगळं, मेसचं वेगळं, क्लासचं वेगळं. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रस्त्यावर मुलांनी रस्ता अडवला. टीव्हीवर ती गर्दी दिसली तेव्हा अनेकांनी राजकारण पाहिलं. मला दिसलं, की आणखी काही महिन्यांचं भाडं कुठून आणायचं, हा हिशेब प्रत्येक चेहऱ्यावर आहे. त्यांच्यामागे शेती आहे, आई-वडिलांचं कर्ज आहे, आणि गावाकडे विचारणारे लोक आहेत.

पूर्वी जातीमुळे दार बंद असायचं, आता भाड्यामुळे बंद होतं, आणि ज्यांना तेव्हा बाहेर ठेवलं जायचं त्यांच्याच नातवंडांना ते आजही जास्त लागतं. फी माफ होते, शिष्यवृत्ती उशिरा का होईना येते. पण डिपॉझिट आणि मेसचे पैसे पहिल्या दिवशी लागतात. आपल्या शाळेतून दरवर्षी चांगल्या गुणांनी बाहेर पडणारी दोन-चार मुलं तरी या एका कारणानं पुण्याऐवजी घरी राहतात, हे सरांनी मागच्या भेटीत सांगितलं. आणि त्याच पुण्यात भाडं घेणारे फ्लॅटमालक आता आपण आहोत. कॉट बेसिसवर राहिलेल्या आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांनी दुसरा फ्लॅट घेऊन तो मुलांना भाड्यानं दिला आहे. त्यात गैर काही नाही. पण आपण आता या गोष्टीत ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहोत, एवढं लक्षात असावं.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक ठोस सूचना करते. मोठा निधी, ट्रस्ट, नोंदणी यात पडू नये. त्यात वर्षं जातात. सात जणांनी मिळून एका विद्यार्थ्याचे सात वार घ्यावेत. म्हणजे त्याच्या मेसचा आणि खोलीचा महिन्याचा खर्च सात जणांत वाटून घ्यावा, शिक्षण पूर्ण होईपर्यंत. मुलगा किंवा मुलगी कोण, हे आपल्या शाळेतल्या शिक्षकांनी गरज पाहून ठरवावं, जात किंवा ओळख पाहून नाही. पैसे शाळेमार्फत जावेत आणि कोणाचे कोणाला मिळाले, हे देणाऱ्याला कळू नये. कोणालाही कोणाच्या घरी जाऊन पाटावर बसायला लागू नये, आणि भाषणात कोणाचे आभारही मानावे लागू नयेत. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी पहिल्या आठवड्यापुरती स्वतःच्या घरात झोपायची जागा द्यावी. पुण्यातला पहिला आठवडा काय असतो, ते आपल्याला सांगायला नको.

पहिल्या सात जणांत माझं नाव धरावं. बाकीच्यांनी संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर 'सात वार' असं लिहिलेली वही ठेवलेली असेल, तीत नाव आणि फोन नंबर लिहावा. येत्या जूनमध्ये बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू होतील, त्याआधी निदान दोन मुलांची सोय झालेली असावी.